सरांची जीभ

आमच्या सरांना कुणी पाणी दिलं तर ते लगेच पीत नसत. पहिला घोट तोंडात घेऊन डोळे मिटत, तो जिभेवरून इकडून तिकडं फिरवत, मग गिळत, आणि पाणी देणाऱ्याला सांगत की तुमच्या विहिरीत चुना फार आहे, मुतखड्याला जपा. लग्नाच्या मांडवातसुद्धा त्यांनी हे केलेलं मी पाहिलं आहे. नवरीचा बाप हात जोडून उभा होता आणि सर त्याला मॅग्नेशियमनं पोट कसं सुटतं ते समजावून देत होते. बिचारा मान हलवत राहिला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला मोठा साहेब आपल्या दारी आला, एवढ्यावर त्याचं समाधान होतं.

मी तेव्हा जिल्ह्याच्या गावी नर्सिंगच्या शाळेत शिकत होते. जिल्ह्याचं नाव त्या वेळी उस्मानाबाद होतं, घरातली म्हातारी माणसं मात्र धाराशिवच म्हणायची. आमच्या अभ्यासात शरीररचना आणि शरीरक्रिया हा मोठा विषय, आणि त्याच्या तोंडाशी थोडं रसायनशास्त्र. ते शिकवायला माणूस मिळत नव्हता. एक डॉक्टर यायचे, अणू, रेणू, आम्ल, अल्कली यांच्या व्याख्या फळ्यावर लिहायचे आणि पाठ करा म्हणून निघून जायचे. आम्ही बहुतेक जणी खेड्यांतून आलेल्या, कित्येकींच्या घरात मॅट्रिक झालेलं दुसरं कुणी नव्हतं. पाठ करण्यात आमचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यातलं किती कळलं, हे मात्र आम्हाला कुणी विचारलं नाही.

मग आमच्या मेट्रनबाईंनी सरांना गाठलं. त्या वर्षांत पाऊस लागोपाठ दगा देत होता. ऊस उभ्या जागी वाळत होता, त्यामुळं सहकारी कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणेपर्यंत आटोपायचा. धुराडं थंड पडलं की सरांना काम नसे. कारखान्याची जीप त्यांना आमच्या दारात आणून सोडायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. मधल्या वेळात ते आमचे.

उंच, किंचित वाकलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी काचेची नळी. शिक्षण हैदराबादला, निजामाच्या राज्यात, तेही उर्दूतून, त्यामुळं आम्ल म्हणायचं त्यांच्या जिवावर येई. ते तेजाब म्हणत. जठरातलं तेजाब, लिंबातलं तेजाब. परीक्षेत आमच्यातल्या एकीनं खरोखरच तेजाब लिहिलं आणि तपासणाऱ्यानं त्याखाली लाल रेघ ओढली. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, रेघ शब्दाखाली आहे ना, मग उत्तर बरोबर आहे.

पहिल्या दिवशी ते वर्गात आले ते मिठाची वाटी घेऊन. प्रत्येकीच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवलं आणि चाखायला लावलं. मग सांगितलं की तुम्ही आत्ता दोन खुनी गिळलेत. एक पाण्यात पडला तर पेट घेतो, दुसरा वायू आहे, हुंगला तर छाती जाळतो. पहिल्याकडं एक इलेक्ट्रॉन जास्तीचा आहे आणि तो त्याला डोईजड झालाय, दुसऱ्याला नेमका एकच कमी पडतोय. एकानं दिला, दुसऱ्यानं घेतला, आणि संसाराला लागल्यावर दोघं इतके निवले की तुम्ही त्यांना आमटीत घालता. माझ्या शेजारी मुरूमची विमल बसायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं. तिनं विचारलं, की मग पाण्यात विरघळल्यावर काडीमोड होतो का. आम्हाला वाटलं आता हिची धडगत नाही. सर मात्र खुर्चीतून उठून तिच्यापर्यंत चालत आले. अगदी काडीमोड होतो म्हणाले, पण भांडून नाही. देणारा धन भार घेऊन फिरतो, घेणारा ऋण भार घेऊन, आणि या वेगळ्या झालेल्यांच्या जिवावरच तुझं काळीज धडधडतं.

असं त्यांचं शिकवणं होतं. पोटॅशियम पेशीच्या घरात राहणारं, सोडियम ओट्यावर बसलेलं. दार उघडलं की हे आत जातं, ते बाहेर येतं, आणि तेवढ्या गडबडीत तुमचा हात हलतो. मग दोघांना परत आपापल्या जागी बसवायला शरीराला राबावं लागतं, म्हणून तर भाकरी लागते. मी पुढं पुष्कळ पुस्तकं वाचली. मज्जातंतूंचं प्रकरण आलं की अजूनही मला कुणाचा तरी ओटाच दिसतो.

तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत, तिथल्या कुणाशी तरी सरांची ओळख होती. एकदा ते तिथून रंगांच्या पुड्या घेऊन आले. फुलबाजीला लाल रंग देणारी, हिरवा देणारी. विजेच्या शेगडीची जुनी तार सरळ करून तिचं टोक ते पुडीत बुडवायचे आणि स्पिरिटच्या दिव्यात धरायचे. लाल झालं, हिरवं झालं, मग मीठ लावलं तर ज्योत पिवळीधमक झाली. सोडियमचा रंग तो, असं सांगून त्यांनी आम्हाला मैदानात पळायला लावलं. घामाघूम होऊन आलो तेव्हा एकेकीच्या कपाळावर तार फिरवली आणि ज्योतीत धरली. दर वेळी पिवळीच. वर्गात कोण कुठल्या वस्तीतून आलंय, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. वसतिगृहात पाण्याचे माठ वेगळे नव्हते, पण काही जणी माझ्या आधी पाणी भरून घ्यायच्या. त्या दिवशी त्याही आपला घाम कसा जळतो ते टक लावून बघत होत्या आणि मीही बघत होते. सरांनी तार पुसली आणि उद्या बटाटे आणा म्हणाले.

बटाट्याची एक चकती साध्या पाण्यात ठेवली, एक मिठाच्या पाण्यात. दुसऱ्या दिवशी साध्या पाण्यातली ताठ होती, मिठातली पार लुळी पडली होती. पेशीच्या पडद्याच्या ज्या बाजूला मीठ जास्त त्या बाजूला पाणी जातं, एवढं त्यांनी फळ्यावर लिहिलं. मग पाण्याला दुसरी काही अक्कल नसते म्हणाले, आणि फळा पुसता पुसता, आपल्या जिल्ह्यात तेवढं ते उसाकडंही जातं. कारखान्याचा माणूस हे म्हणतोय म्हटल्यावर आम्हाला हसावं की नाही ते कळेना.

रक्ताचा सामू, म्हणजे त्याच्या आंबटपणाचं माप, शिकवायला त्यांनी उसाचा रस धरला होता. रस जरा आंबट असतो. तसाच उकळला तर साखर मोडते, म्हणून चुन्याची निवळी घालायची. चुना जास्त पडला तर रस काळा पडतो, म्हणून बेतानं घालायची. कारखान्यात हे सांभाळायला आमच्यासारखी पगारी माणसं लागतात, रक्त मात्र स्वतःचं स्वतः सांभाळतं, आणि तुम्ही त्याचे आभारसुद्धा मानत नाही. मग पपईच्या पानाचा पोकळ देठ आमच्या तोंडात देऊन चुन्याच्या निवळीत फुंकर मारायला लावली. निवळी दुधासारखी झाली. हा तुमचा उच्छ्वास, यात तेजाबाचं बीज आहे, तो कोंडला की रक्त आंबट व्हायला लागतं आणि मग जीव घाबरा होतो. ते पटावं म्हणून त्यांनी स्वतः श्वास धरला आणि लालबुंद होईपर्यंत सोडला नाही. मेट्रनबाई धावत आल्या.

पण या सगळ्याच्या वर त्यांची जीभ होती. रसायन वाचू नका, चाखा, हे त्यांचं नेहमीचं. विषारी औषधांची तपकिरी बाटली सोडून, हे लगेच पुढं असायचं. विमल पहिल्या चाचणीत नापास झाली आणि जिन्यात बसून रडायला लागली. सर वर चढत होते. त्यांनी तिला गप्प बस म्हटलं नाही की पुढच्या वेळी पास होशील म्हणून धीर दिला नाही. तिच्या गालावर बोट दाखवून म्हणाले, रड, पण ते वाया घालवू नको, चाख. विमल रडताना हसायला लागली आणि तिनं खरंच चाखलं. ही चव लक्षात ठेव म्हणाले. हगवणीच्या रोग्याला मीठ-साखरेचं पाणी देशील तेव्हा ते याच्यापेक्षा खारट होता कामा नये.

आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरांना हे पटत नसे. त्यांचं म्हणणं, चमच्यानं मोजा. सर म्हणत, चमचा दर घरात वेगळा, तांब्या दर घरात वेगळा, कुठं कुठं चमचाच नाही, जीभ मात्र सगळ्यांकडं आहे. त्यात खोटं काही नव्हतं. आम्हाला तर सरांचंच खरं वाटायचं, कारण आमच्या घरांत चमचे नव्हतेच.

ते राहायचे कारखान्याच्या वसाहतीत. एकदा आम्ही काही जणी त्यांच्याकडं गेलो होतो. काकूंनी शेंगदाण्याचे लाडू दिले आणि तक्रार केली की बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, वर्षभरात तर फारच झालंय. सरांनी आमच्यादेखत त्यांना जड पाण्यावर व्याख्यान दिलं. कॅल्शियम डाळीच्या सालाशी काय करतं ते सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या, ते ठीक आहे, पण डाळ शिजत नाही. मला वाटतं संसारभर त्यांचं असंच चाललं असावं.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की जुन्या मैत्रिणी तेजाबावर, बटाट्यावर हसतात. मीही हसते. पण मला ते सगळ्यात स्पष्ट दिसतात ते ऊसतोड्यांच्या कोप्यांसमोर मातीत मांडी घालून बसलेले.

त्या वर्षीचा हंगाम नावापुरताच होता. तरी भूम-वाशीकडून टोळ्या आल्या होत्या, कारण गावाकडं काहीच नव्हतं. कारखान्याच्या कडेला पाचटाच्या कोप्यांची वस्ती पडली आणि थोड्याच दिवसांत तिथं हगवण सुरू झाली. कारखान्याच्या दवाखान्यात डॉक्टर एक आणि सलाईनच्या बाटल्या मोजक्या. जे अगदी गळाठले त्यांना जीपमधून जिल्ह्याच्या इस्पितळात पाठवायचं आणि बाकीच्यांना तोंडानं पाणी पाजून उभं करायचं, असं ठरलं. आमच्या वर्गाला मदतीला नेलं. शिकवणाऱ्या सिस्टरांना इस्पितळ सोडून येता येईना, म्हणून पाण्याचं काम सरांनी आपल्याकडं घेतलं.

सगळ्यात अवघड होतं ते बायांना पटवणं. हगवण लागली की लेकराचं पाणी तोडायचं, हीच तिकडची रीत. आत पाणी जाईल तेवढं बाहेर येतं, मग द्यायचंच कशाला. पारूबाई म्हणून एक होती, तिची वर्षाची पोरगी आजारी होती. ती तर पाण्याचा तांब्या लांब ठेवून बसली होती. आम्ही तिला दरडावलं, समजावलं. शेवटी सर तिच्यासमोर बसले आणि चांगला तासभर बोलले. तिनं पाणी द्यायला सुरुवात केली तेव्हा बाकीच्या बायांनीही केली. ती टोळीत मानलेली बाई होती.

त्याच दुपारी मला रोग्यांबरोबर जीपमधून इस्पितळात पाठवलं. परतले ती दुसऱ्या दिवशी सकाळी. विमल वस्तीच्या तोंडाशीच भेटली, तिचं तोंड उतरलं होतं. मोठी माणसं सावरलीत, पण पारूबाईची पोरगी बिघडलीय म्हणाली.

मी कोपीत गेले. पोरीला जुलाब जवळजवळ थांबले होते, तरी ती किरकिर करत होती, बारीक, चिरक्या आवाजात. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही. पोटाची कातडी चिमटीत धरली तर मळलेल्या कणकेसारखी लागली. वाटी ओठाला लावली की दोन्ही हातांनी वाटी ओढून घ्यायची.

"रातीपून पानीच मागलालंय," पारूबाई म्हणाली. "पाजलं की आनखीनच मागतंय. लघवी बी न्हाय."

तहान लागलेल्याला पाणी पाजलं की तहान भागायला पाहिजे. इथं ती वाढत होती. मी वाटीतलं पाणी तोंडात घेतलं आणि मला ते गिळवेना. आमच्या वस्तीला गावच्या विहिरीवर जाऊ देत नसत, म्हणून आमच्या माणसांनी पूर्वी कधीतरी ओढ्याकाठी आपली विहीर खणली होती. ती इतकी गोड लागली की पुढं उन्हाळ्यात गावातली माणसं गुपचूप तिचं पाणी न्यायची. त्या पाण्यावर वाढलेल्या माझ्या जिभेला हे औषध म्हणजे समुद्र होता. अश्रूंच्या कितीतरी पुढं. मला वर्गातली ती लुळी पडलेली चकती आठवली. पोरीच्या रक्तात मीठ चढत होतं आणि ते पेशीपेशीतलं पाणी ओढून घेत होतं.

मी पारूबाईला म्हटलं, वाटी बाजूला ठेव, अंगावर घे पोरीला, आणि बाहेर पळाले. सर मोठ्या तपेल्यापाशी नवीन पाणी करत होते. शेजारी साखरेचं पोतं, कारखान्यात साखरेला काय तोटा. बोअरचं उकळून निवलेलं पाणी, त्यात साखर, त्यात मीठ. पळी भरायची, चाखायचं, थोडं मीठ, परत चाखायचं. रात्रभर जागून डोळे तांबारले होते.

मी म्हटलं, सर, हे फार खारट झालंय. त्यांनी पुन्हा चाखलं आणि मान हलवली. बरोबर आहे म्हणाले. मी म्हटलं, बोअरचं पाणी मूळचंच खारट असणार. आता ते जरा चिडले.

"मी हेच पाणी रोज पितो," ते म्हणाले.

"म्हणूनच, सर."

हे माझ्या तोंडून गेलं. सरांना उलट बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. ते पळी खाली ठेवून दवाखान्याकडं चालायला लागले. दवाखान्यापुरतं गोडं पाणी टँकरनं यायचं, त्याचा पिंप तिथं होता. त्यांनी त्या पाण्यानं चूळ भरली. परत भरली. बाकावर बसून राहिले, पुन्हा चूळ भरली. मला बोअरचं नुसतं पाणी आणायला सांगितलं, मीठ न घातलेलं. त्यातला एक घोट तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा चेहरा ओळखू येत नव्हता. वर्षभर पाण्याची पातळी खाली जात होती, तसा बोअरचा खारेपणा चढत होता, आणि रोज तेच पाणी पिणारी त्यांची जीभ मुकाट्यानं त्याच्यामागून चालली होती. ज्या पाण्याला ते साधं पाणी समजत होते तेच निम्मं औषध झालेलं होतं. त्यावर त्यांनी जिभेला पटेपर्यंत मीठ घातलं होतं. मोठ्यांच्या मूत्रपिंडांनी जादा मीठ बाहेर टाकलं. तान्ह्याचं मूत्रपिंड तेवढं पोचलेलं नसतं, हेही त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं.

"माझं शून्यच खोटं होतं," ते म्हणाले. "तराजूच्या काट्याचं शून्य मी रोज सकाळी तपासतो. जिभेचं कधी तपासलं नाही. घरातली डाळ सांगत होती, तर मी बायकोलाच शिकवत बसलो."

मग ते उठले. तपेलं त्यांनी स्वतः ओतून दिलं. विमलनं सगळ्या कोप्यांमधलं उरलेलं पाणी फेकून दिलं. डॉक्टर आले, पोरीला बघितलं. तिची शीर सापडेना. त्यांनी सांगितलं की आईचं दूध आणि टँकरचं पाणी, चमच्या चमच्यानं, अजिबात घाई करायची नाही. सुकलेल्या पेशींत एकदम पाणी शिरलं तर मेंदू सुजतो, झटके येतात. सर म्हणाले, माझ्याकडं द्या. ते कोपीसमोर मातीत मांडी घालून बसले, पोरीला मांडीवर घेतलं आणि चमचा हातात धरला.

तो दिवस कसा गेला ते सांगवत नाही. पोरगी चमच्यावर झडप घालायची आणि सर चमचा मागं घ्यायचे. ती रडायची, सरांचा जीव तुटायचा, पण ते थांबायचे. दूध पाजायची वेळ झाली की पारूबाईकडं द्यायचे आणि परत मागून घ्यायचे. कुणी जेवायला बोलावलं तर ऐकू आल्याचं दाखवत नसत. पारूबाईला काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी हा देवमाणूस होता, आपल्या पोरीसाठी मातीत बसलेला.

दुपारी डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. मी तिथंच होते. नेमकं काय झालं ते बाहेर बोलू नका म्हणाले. लबाडी म्हणून ते सांगत नव्हते. तुम्ही आज सांगितलंत की आपल्या पाण्यानं पोर बिघडली, तर उद्या एकही बाई लेकराला पाणी देणार नाही, परत पाणी तोडतील, आणि मग एक नाही, कितीतरी जातील. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, ते मला आजही खोटं वाटत नाही. सर परत कोपीसमोर जाऊन बसले.

ऊन कलल्यावर पोरगी किरकिर करायची थांबली. तोंडात ओलावा आला. विमल म्हणाली, झोपलीय वाटतं. आणि तेवढ्यात सरांच्या मांडीवरून पाण्याची धार मातीत उतरली. पांढरी पँट भिजली, ते जागचे हलले नाहीत. पोरीच्या मूत्रपिंडांनी काम हातात घेतलं होतं. सरांनी आमच्याकडं बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मीही रडले, विमलही.

पारूबाई धावत आली. भिजलेली पँट बघून तिला आधी लाज वाटली, मग आम्ही सांगितल्यावर कळलं. तिनं सरांच्या पायांवर डोकंच ठेवलं. तुमच्या हातानं माझी पोर वाचली म्हणाली. कोप्यांच्या दारांत बाया जमल्या होत्या. डॉक्टर थोड्या अंतरावर उभे होते. सरांनी तिला उठवलं.

"पाया पडू नका बाई," ते म्हणाले. "पोर माझ्याच हातानं जात होती. बोअरचं पाणी खारट होतं, त्यात मी आणखी मीठ घातलं. मला चव कळली नाही. या मुलीनं ओळखलं म्हणून ती राहिली. पाणी पाजायचं हे खरंच आहे, ते सोडू नका. पाणी करण्यात मी चुकलो."

डॉक्टरांनी मान फिरवली. पारूबाईला नीट समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं वाकून त्यांच्या मांडीवरची पोर उचलली आणि छातीशी घट्ट धरली. दारातली एक बाई आत गेली. तिच्या मागं दुसरी गेली. मला वाटलं, संपलं. आता इथलं एकही लेकरू आपल्या हातचं पाणी पिणार नाही.

सर तसेच बसून होते, चमचा हातात. पारूबाईनं पोरीचं तोंड पदरानं पुसलं. मग पुन्हा त्यांच्याकडं वळली.

"आता कळलंय न्हवं तुमाला?"

"कळलंय."

"मग तुमीच पाजा. म्या बसते हितं."

तिनं पोरगी परत त्यांच्या मांडीवर ठेवली आणि समोर बसून त्यांच्या हाताकडं बघायला लागली. पहिला चमचा अर्धा सांडला, दुसरा नीट गेला. बऱ्याच वेळानं शेजारच्या कोपीतली म्हातारी बाहेर आली, तिनं आपला रिकामा तांब्या सरांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, आमच्या नातवाला बी द्या जरा.